काकांची बायपास, ॲपची जबाबदारी आपली

घरातला 'टेक सपोर्ट' कोण, हे वेगळं सांगायला नको. आईचं यूपीआय अडकलं की तुम्ही, बाबांच्या फोनमधली जागा संपली की तुम्ही, आजीला यूट्यूबवर हरिपाठ लावून द्यायलाही तुम्हीच. आता त्यात एका कामाची भर पडतेय आणि ते या सगळ्यांपेक्षा जड आहे. घरातल्या कुणाची तरी बायपास झालेली असते, डिस्चार्ज मिळतो आणि कुणीतरी तुम्हाला म्हणतं, "तुझ्याकडे ते चालायचं ॲप आहे ना, ते यांच्या मोबाइलवर टाकून दे."

जूचंद्रला आमच्या शेजारच्या काकांच्या बाबतीत हेच झालं आणि ॲप टाकून देणारी मी होते. दोन मिनिटांचं काम. वय टाकलं, वजन टाकलं, ॲपने लगेच लक्ष्य दिलं : रोज १०,००० पावलं. काकांना घरी येऊन तेव्हा जेमतेम नऊ दिवस झाले होते. हॉलपासून ओट्यापर्यंत गेले तरी त्यांना धाप लागायची. पण स्क्रीनवरचा तो अर्धवट गोल दिसला की माणूस हट्टाला पेटतो. तिसऱ्या दिवशी ते कुणाला न सांगता गल्लीत दोन फेऱ्या मारून आले आणि दुपारी चक्कर येऊन बसले. काकूंनी डॉक्टरांना फोन लावला, तपासणी झाली, अतिश्रम निघाले. निभावलं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

नंतर मी शोधत बसले की हा १०,०००चा आकडा आला कुठून. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, 'मानपो-केई' नावाचं. अर्थ, दहा हजार पावलांचं मीटर. नाव लक्षात राहण्यासारखं होतं, आकडा चिकटला. बायपास झालेल्या माणसाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

इथे आपली पहिली गफलत होते. फिटनेसचं ॲप आणि कार्डिॲक रिहॅबचं ॲप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बायपासमध्ये छातीचं मधलं हाड कापून तारेने पुन्हा बांधतात. ते जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. तोवर जड उचलायचं नाही, हाताच्या जोरावर उठायचं नाही, खोकला आला तर छातीशी उशी धरायची. भरलेली कळशी नाही आणि लोकलमध्ये वरची कडी धरून लटकणं तर नाहीच. रिहॅब म्हणजे या मर्यादेत राहून व्यायाम हळूहळू वाढवणं, सोबत औषधं, जेवण, तंबाखू सोडणं आणि मनात बसलेली भीती यांच्याकडेही बघणं. अमेरिकेत यासाठी साधारण ३६ सत्रं धरतात, आठवड्याला तीन. आता नायगावहून आठवड्यातून तीनदा लोकलने मुंबई गाठायची, तीही टाके ओले असताना, हे कुणाला जमेल तुम्हीच सांगा. जूचंद्रला स्टेशन आहे, पण ते वसई-दिवा मार्गावर, गाड्या मोजक्याच. म्हणून घरच्या घरी फोनवर रिहॅब ही कल्पना आपल्यासारख्या ठिकाणी चैन नाही, गरज आहे.

आणि ती चालते, हेही खरं. ऑस्ट्रेलियात हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १२० जणांवर एक अभ्यास झाला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला. काहींना नेहमीप्रमाणे केंद्रात बोलावलं, काहींना स्मार्टफोनवर कार्यक्रम दिला. केंद्रात जाणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांनी तो पूर्ण केला, फोनवाल्यांपैकी ८० टक्क्यांनी. आकडा बघून मीही खूश झाले होते. मग तपशील वाचला. फोनवाल्यांना दर आठवड्याला एक मार्गदर्शक कॉल करत होता. म्हणजे ॲपच्या पलीकडे माणूस होता!

तिथलाच दुसरा प्रयोग मला जास्त आवडला, कारण त्यात ॲपच नाही. सिडनीत हृदयविकाराच्या ७१० रुग्णांपैकी निम्म्यांना सहा महिने आठवड्याला चार साधे एसएमएस पाठवले. त्यांचं कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब दुसऱ्या गटापेक्षा कमी राहिला, सिगारेट ओढणारेही कमी झाले. बटणांचा फोन असलेल्या काकांनाही हे जमेल. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल, तर २४ भारतीय हॉस्पिटलांत हार्ट अटॅकनंतरच्या ३,९५९ रुग्णांवर योगावर आधारित रिहॅबची चाचणी झाली, निष्कर्ष २०२० मध्ये आले. त्याने पुढचा अटॅक किंवा मृत्यू टळतो, हे सिद्ध झालं नाही. पण माणसांना स्वतःची तब्येत बरी वाटली आणि ती रोजच्या कामांकडे जास्त चांगली परतली. व्हॉट्सॲपवरच्या 'योगाने ब्लॉकेज गायब' टाइप फॉरवर्डपेक्षा हा निष्कर्ष प्रामाणिक आहे.

आता फोनवर दिसणाऱ्या नाडीबद्दल. कॅमेऱ्यावर बोट ठेवून ठोके मोजणारी ॲप्स बोटातल्या रक्तप्रवाहामुळे बदलणारा प्रकाश वाचतात. बोट गार असेल, हात हलला, तर गडबड. बायपासनंतर सुरुवातीला अनेकांचे ठोके अनियमित होतात, तिथे तर हा आकडा भरवशाचा नाहीच. शिवाय '२२० वजा वय' हे सूत्र बऱ्याच ॲप्सच्या पोटात असतं. रुग्ण बीटा ब्लॉकर घेत असेल तर गोळीच ठोके वाढू देत नाही. ॲप म्हणतं 'अजून जोर लावा' आणि काका तर आधीच दमलेले. त्यापेक्षा साधी कसोटी बरी : चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. वाक्य तुटायला लागलं की थांबायचं. ही कसोटी फुकट आहे, फक्त गप्पा मारायला सोबत कुणीतरी चालायला हवं. ते काम आता माझ्याकडे.

छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, शुद्ध हरपणं, अशा वेळी ॲपमधला चॅट उघडायचा नाही, १०८ला फोन करायचा. ताप, जखमेतून पाणी, छातीच्या हाडात 'कट्' असा आवाज, पायाला सूज, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

जर्मनीत २०२० पासून डॉक्टर औषधासारखं ॲप लिहून देतात आणि सरकारी आरोग्य विमा पैसे भरतो. त्यासाठी ॲपला आधी सरकारी यादीत जागा मिळवावी लागते. आपल्याकडे प्ले स्टोअरवरचे स्टार हीच चाळणी. डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम २०२५च्या नोव्हेंबरमध्ये आले, तेही टप्प्याटप्प्याने लागू व्हायचेत. तोवर काकांच्या वतीने 'आय ॲग्री' दाबणारं बोट तुमचं आहे. लोकेशन आणि कॉन्टॅक्ट मागणाऱ्या रिहॅब ॲपला मी तरी नाही म्हणते. आणि डिस्चार्जच्या दिवशीच फिजिओथेरपिस्टला गाठून विचारा : किती मिनिटं चालायचं, कधी वाढवायचं, अडलं तर फोन कुणाला करायचा? ही उत्तरं वहीत लिहिलीत तर निम्मं ॲप तिथेच झालं.

काकांचा प्रश्न मात्र कुठल्याच ॲपमध्ये नव्हता. जूचंद्र रांगोळीचं गाव. काका तासन्‌तास जमिनीवर वाकून, एका हातावर भार टाकून व्यक्तिचित्रं काढणारे. ॲपच्या यादीत गोल्फ होतं, बागकाम होतं, रांगोळी नव्हती. मी 'अदर' निवडलं. "अदर म्हंजे काय गो?" काकांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. शेवटी काकूंनी फिजिओथेरपिस्टना त्यांचा रांगोळी काढतानाचा जुना व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं : हाड जुळेपर्यंत हातावर भार नको, तोवर टेबलावर पाट ठेवून, खुर्चीत बसून, पंधरा मिनिटं.

परवापासून ते सुरू झालंय. पुढच्या मंगळवारी सहा मिनिटं चालण्याची चाचणी आहे. चंडिका देवीच्या पायऱ्या कधी चढायच्या, ते त्यानंतर ठरेल. मी सोबत जातेय. पावलांचं ॲप काकांनी स्वतःच काढून टाकलं, पण गोळ्यांच्या वेळेचा अलार्म ठेवलाय.