खिशातला बुद्धिबळपट

धावत्या आगगाडीत कधी बुद्धिबळ खेळून पाहा. गाडीला एक गचका बसतो, वजीर घरंगळत बाकाखाली जातो आणि रंगात आलेला डाव मोडतो. मग "माझा हत्ती इथे होता," "नाही, तिथे होता," असा वाद सुरू होतो!

पूर्वी आपल्याकडे आणि इराणात कापडाचे पट वापरत. तुम्ही उर्दूत त्याला बिसात म्हणता. बिसात गुंडाळली आणि मोहरे पिशवीत टाकले, की निघायची तयारी झाली. पण अर्धा राहिलेला डाव असा गुंडाळून नेता येत नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये आगगाड्या व आगबोटी वाढल्या. तेव्हा प्रवासात खेळण्यासाठी नवे पट तयार झाले. त्यांतला साधा उपाय भोकांचा. पटावरच्या चौसष्ट घरांत एकेक भोक आणि प्रत्येक मोहऱ्याच्या बुडाशी एक खुंटी. खुंटी भोकात बसली, की गचक्याची भीती नाही. लंडनच्या जेक्स कंपनीने तर कमालच केली. त्यांच्या एका पटाचे नाव होते 'इन स्टॅटू क्वो'. या लॅटिन शब्दांचा अर्थ 'जैसे थे'. कळ फिरवली, की सगळे मोहरे बुडाशी घट्ट पकडले जात. मग पट मधोमध दुमडून ठेवायचा. पुन्हा उघडला, की डाव जसाच्या तसा!

या कारागिरांचे मला फार कौतुक वाटते. तरीही पहिला मान मी या पटाला देणार नाही. उत्तम लाकूड, हाडाचे किंवा हस्तिदंती मोहरे आणि आत धातूची यंत्रणा! अशी वस्तू किती जणांना परवडणार? आणि ती बिघडली, तर प्रवासात दुरुस्त कोण करणार?

माझ्या मते पहिला मान पीटर मार्क रोजे यांचा. हे गृहस्थ डॉक्टर होते. १८५२ साली निघालेल्या त्यांच्या इंग्रजी शब्दकोशामुळे जग त्यांना ओळखते. १८४५ च्या सुमारास त्यांनी खिशात मावणारा स्वस्त पट तयार केला. त्याचे नावच 'इकॉनॉमिक', म्हणजे काटकसरीचा! त्यात मोहरे म्हणजे पुठ्ठ्याचे चपटे तुकडे. ते पटावरच्या घड्यांत खोवायचे. घडी त्यांना धरून ठेवते. ना कळ, ना खुंटी.

काही जण म्हणतील, "चपट्या तुकड्यात घोड्याची ऐट कुठे?" खरे आहे. लाकडी घोडा हातात घेण्याची मजा पुठ्ठ्यात नाही. पण ज्याच्या खिशात फार पैसे नाहीत, त्याचाही डाव हा पट सांभाळतो. मला ही गोष्ट ऐटीपेक्षा मोठी वाटते.

असा पट तुम्हीही करू शकता. जुन्या पुठ्ठ्यावर चौसष्ट घरे आखा. प्रत्येक ओळीच्या खालच्या भागावर कागदाची एक पट्टी ठेवा. पट्टीची वरची कड मोकळी ठेवून बाकीच्या कडा चिकटवा. मग बत्तीस चिठ्ठ्या कापा आणि त्यांवर चित्रे काढा. घोडा मात्र जपून काढा. माझा नेहमी गाढवासारखा दिसतो.