चमनगोटा आणि कोट

आपल्याकडे एखाद्याने डोक्याचा चमनगोटा केलेला दिसला की समोरचा आपोआप आवाज खाली आणतो. घरात कोणी गेले की काय, हे विचारावे कसे याचा अंदाज घेतो. तिरुपतीहून आला असे कळले तर निःश्वास टाकून लाडू मागतो. ब्रिटनमध्ये मात्र तेच भादरलेले डोके, घोट्याच्या वर दुमडलेली जीन्स आणि खाली जाडजूड बूट असा ऐवज समोरून आला तर माणसे रस्ता ओलांडतात. ‘स्किनहेड’ म्हणजे नवनाझी, हा पाढा तिथल्या वृत्तपत्रांनी चाळीसहून अधिक वर्षे वाचकांकडून घोटून घेतला आहे. पाढा चुकला आहे, हे तर खरेच. पण तो चुकल्यामुळे कोणाचे फावले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे आणि तो आजवर फारसा विचारला गेलेला नाही.

ही पोरे अवतरली १९६८-६९ च्या सुमारास, लंडनच्या कामगार वस्त्यांतून. कॉलेजातल्या सुखवस्तू हिप्पींचे केस खांद्यावर रुळत होते, तेव्हा यांनी ते मुळापासून कापले. आम्ही कष्टकऱ्यांची मुले आहोत, हे सांगण्याची ती रीत. पायातला डॉक्टर मार्टेन्सचा बूट कारखान्यात, टपाल वाटताना घालायचा. अंगातला बेन शर्मन छापाचा शर्ट ब्रायटनच्या एका ज्यू कुटुंबात जन्मलेल्या व्यावसायिकाने बाजारात आणलेला. कॉलरचा टी-शर्ट फ्रेड पेरीचा, म्हणजे तीनदा विम्बल्डन जिंकणाऱ्या आणि ज्याचे वडील मजूर पक्षाचे खासदार होते अशा टेनिसपटूचा. आणि कानात काय? जमैकाचे स्का आणि रेगे. शेजारच्या चाळवजा घरांत राहणाऱ्या जमैकन पोरांबरोबर नाचून शिकलेले. एप्रिल १९६९ मध्ये डेस्मंड डेकर या जमैकन गायकाचे ‘इझरायलाइट्स’ ब्रिटनच्या गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, त्यात या टकल्या गिऱ्हाइकांचा वाटा होता. सिमारिप या कृष्णवर्णीय गायक-वादकांच्या चमूने तर खास स्किनहेडांच्या नावाने तबकडी काढली. जगाने पुढे वंशद्वेषाचा गणवेश म्हणून जो ओळखला, त्याचे मूळ माप हे असे.

म्हणून ही मुले सोवळी होती असे नव्हे. जमैकन शेजाऱ्याच्या गाण्यावर नाचणारी यांतलीच काही टोळकी रात्री दक्षिण आशियाई माणूस एकटा सापडला तर त्याला बदडत. त्याला ‘पाकी-बॅशिंग’ असे नाव होते आणि मार खाणारा सिल्हेटचा की जालंधरचा याची चौकशी कोणी करत नसे. १९७० च्या एप्रिलमध्ये पूर्व लंडनमध्ये तोसिर अली या पूर्व पाकिस्तानातून आलेल्या कामगाराचा खून झाला, तो याच काळातला. स्किनहेडांवर अन्याय झाला असे म्हणणारे अनेक हौशी इतिहासकार हे पान पटकन उलटतात. ते उलटता येणार नाही. निदान भारतीय वाचकांसमोर तरी नाही.

साचा पक्का झाला तो ३ जुलै १९८१ च्या रात्री. पश्चिम लंडनमधले साउथॉल हे पंजाबी स्थलांतरितांचे गाव. तिथल्या हॅम्ब्रो टॅव्हर्न या मद्यगृहात स्किनहेडांच्या आवडीच्या ‘ऑय’ प्रकारचे संगीत वाजवणाऱ्या तीन चमूंचा कार्यक्रम ठरला. बाहेरून बस भरभरून पोरे आली, वाटेत आशियाई दुकानांची नासधूस झाली. दोन वर्षांपूर्वी, एप्रिल १९७९ मध्ये, याच साउथॉलमध्ये नॅशनल फ्रंट या स्थलांतरितविरोधी पक्षाच्या सभेविरुद्ध निदर्शने करताना ब्लेअर पीच हा शिक्षक मारला गेला होता. साउथॉलची तरुण मुले आता वाट पाहत बसणार नव्हती. रात्र संपेपर्यंत मद्यगृह जळून गेले होते. त्या मुलांनी समोरच्याची राजकीय मते विचारून मग हात उचलायला हवा होता, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. अंगावर चालून येणाऱ्याच्या बुटाची नाडी कोणत्या रंगाची, हे पाहायला वेळ नसतो.

वेळ असतो तो संपादकाला. आणि तिथेच घोटाळा झाला. काही दिवसांतच एका मोठ्या दैनिकाला ‘स्ट्रेंग्थ थ्रू ऑय’ ही त्याच वर्षी निघालेली गाण्यांची तबकडी सापडली. नाव नाझींच्या घोषणेची आठवण करून देणारे आणि मुखपृष्ठावर निकी क्रेन, म्हणजे वंशद्वेषी हल्ल्याबद्दल तुरुंगात गेलेला, ब्रिटिश मूव्हमेंट या नवनाझी संघटनेचा कार्यकर्ता. तबकडी काढणाऱ्यांचा हा बेजबाबदारपणा की निव्वळ मूर्खपणा, यावर अजून वाद चालतो. आमच्या मते दोन्ही. पण त्या एका मुखपृष्ठावरून सगळ्या पंथाची कुंडली मांडली गेली. ज्या आठवड्यात ती मांडली जात होती, त्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेले गाणे होते ‘घोस्ट टाउन’. ते गाणाऱ्या कॉव्हेंट्रीच्या ‘द स्पेशल्स’मध्ये काळे-गोरे दोघेही होते आणि त्यांच्या चाहत्यांत स्किनहेड भरपूर होते. ही बातमी नव्हती काय? होती, पण साच्यात बसत नव्हती. गंमत अशी की मुखपृष्ठावरचा तो क्रेनही साच्यात बसला नाही. आपण समलिंगी आहोत हे त्याने १९९२ मध्ये दूरचित्रवाणीवर सांगितले आणि नवनाझींशी असलेले नाते तोडले. वर्षभराने तो वारला.

साच्याचा गुण असा की त्यात हळूहळू माणसे ओतली जातात. स्किनहेड म्हणजे वंशद्वेष्टा असे रोज छापून आल्यावर ज्यांना ते मान्य नव्हते त्यांनी केस वाढवले, आणि ज्यांना नेमके तेच हवे होते ते न्हाव्याकडे धावले. अमेरिकेत तर ही वेशभूषा बरीचशी बातम्यांतूनच, आयती नाझी होऊन पोहोचली. नोव्हेंबर १९८८ मध्ये जेराल्डो रिव्हेरा यांनी आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात अशा तरुणांना मंचावर बोलावले. खुर्च्या उडाल्या, रिव्हेरांचे नाक मोडले आणि प्रेक्षकसंख्या वाढली. याउलट न्यूयॉर्कमध्ये १९८७ साली वंशद्वेषाविरुद्ध स्किनहेडांनीच काढलेली ‘शार्प’ ही चळवळ आणि ती ब्रिटनमध्ये नेणारा कार्डिफचा ‘द ऑप्रेस्ड’ हा चमू यांचे नाव किती घरांत पोहोचले? नाक न मोडणाऱ्या स्किनहेडला मंचावर जागा नव्हती.

आता कोटाकडे, म्हणजे सभ्य वेशातल्या वंशद्वेषाकडे वळू. फेब्रुवारी १९६८ च्या अखेरीस, म्हणजे पहिला स्किनहेड न्हाव्याच्या खुर्चीत बसत होता तेव्हा, ब्रिटिश संसदेने केनियातून येणाऱ्या आशियाई लोकांना रोखणारा कायदा अवघ्या काही दिवसांत घाईघाईने मंजूर केला. त्या लोकांत गुजराती, पंजाबी होते तसे नैरोबीचे गोंयकारही होते आणि त्यांच्या हातात ब्रिटिश पासपोर्ट होते. सरकार मजूर पक्षाचे होते. त्यानंतर दोनेक महिन्यांत बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्ध आग ओकणारे इनॉक पॉवेल हे ग्रीक भाषेचे माजी प्राध्यापक. त्यांच्या बुटाकडे कोणी पाहिले नाही. १९७९ च्या निवडणुकीत नॅशनल फ्रंटने ३०३ उमेदवार उभे केले आणि सगळ्यांच्या अनामत रकमा गमावल्या. कारण त्या आधीच, जानेवारी १९७८ मध्ये, परक्या संस्कृतीच्या लोकांनी देश बुडून जाईल ही लोकांची भीती मार्गारेट थॅचर यांनी दूरचित्रवाणीवर सभ्य शब्दांत बोलून दाखवली होती. आणि साउथॉल ज्या वर्षी जळले त्याच वर्षी, १९८१ मध्ये, ब्रिटनमध्ये जन्म झाला म्हणून नागरिकत्व हा जुना हक्क काढून घेणारा कायदा संसदेत संमत झाला. या दोन घटनांपैकी साउथॉलच्या आजच्या नातवंडांच्या आयुष्यावर कोणती अधिक परिणाम करते, हे त्यांनाच विचारावे. कॅमेरे मात्र मद्यगृहाच्या राखेवर खिळलेले होते.

हे गणित सर्वांत आधी कळले ते ब्रिटिश नॅशनल पार्टीच्या निक ग्रिफिन यांना. १९९९ मध्ये नेतृत्व हाती येताच त्यांनी पक्षाला सूट चढवला. माल तोच, वेष्टन नवे. पण फॅसिस्टाला बुटावरून ओळखायला शिकलेल्या माध्यमांना टाय बांधलेला हा गृहस्थ कुतूहलाचा विषय वाटला आणि २००९ मध्ये त्याच्या पक्षाने युरोपीय संसदेत दोन जागा पटकावल्या. आपल्याकडेही खांद्याला झोळी, वाढलेली दाढी आणि चुरगळलेला झब्बा दिसला की वृत्तवाहिन्यांच्या पडद्यावर निकाल आधी उमटतो. माणूस तोंड उघडतो ते नंतर. त्याच पडद्यावर इस्त्रीच्या कपड्यांतला पाहुणा काहीही बोलून जातो आणि त्याला ‘परखड’ म्हटले जाते.

जुलै २०२४ च्या अखेरीस साउथपोर्टमध्ये लहान मुलींवर चाकूहल्ला झाला. हल्लेखोर स्थलांतरित मुस्लिम असल्याची खोटी बातमी पसरली, मशिदीवर दगड पडले, पुढे रॉदरहॅममध्ये आश्रितांना ठेवलेल्या हॉटेलला आग लावण्याचा प्रयत्न झाला. न्यायालयांत रांग लागली तेव्हा पिंजऱ्यात कोण होते? नोकरदार, बेकार, बारा-तेरा वर्षांची शाळकरी पोरे आणि साठी ओलांडलेले आजोबा. त्यांत टक्कल पडलेलेही असतील, पण वयाने.