नजर कुठे वळते, नोंद कशाची होते

केनियातल्या अंबोसेलीच्या माळरानावर बबून माकडांचा कळप पांगलेला असतो. दोन नर दात विचकून भिडले की निरीक्षकाची नजर तिकडेच वळते. झुडपाआड मुकाट चरणारी मादी वहीत येतच नाही. मग नोंदी चाळताना वाटतं, ही माकडं दिवसभर भांडतातच.

जीन आल्टमन यांनी १९७४ साली ‘बिहेवियर’ या नियतकालिकातल्या लेखात हा दोष नेमका पकडला. उपाय सोपा, पण कष्टाचा : कोणाला पाहायचं ते आधी ठरवायचं आणि ठरलेला वेळ त्याच प्राण्यावर नजर ठेवायची. पलीकडे कितीही धुमश्चक्री माजली तरी!

अपेक्षाही नोंदीत शिरते. रॉबर्ट रोझेंथाल आणि कर्मिट फोड यांनी १९६३ मध्ये विद्यार्थ्यांना एकसारखेच उंदीर दिले. काहींना ‘हुशार’ म्हणून, काहींना ‘मंद’ म्हणून. ‘हुशार’ उंदरांचे आकडे सरस आले.

म्हणून एकच वर्तन दोघांनी स्वतंत्रपणे नोंदवावं आणि मग ताडून पाहावं. त्यातही जुळणाऱ्या नोंदींची निव्वळ टक्केवारी फसवी असते. योगायोगाने जुळणाऱ्या नोंदींचा हिशेब धरणारा जेकब कोहेन यांचा ‘कापा’ हा निर्देशांक १९६०पासून हाताशी आहे. हे माकडा-उंदरांपुरतंच नाही; वर्गातल्या मुलांच्या चंचलपणावर निरीक्षण-अहवाल लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो आकडा सोबत छापावा, ही आग्रहाची विनंती.