रात्री किती वाजेपर्यंत खेळतोस?

कल्पना करा, तुम्ही १८ वर्षांचे आहात आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा इंटरव्ह्यू द्यायला बसला आहात. समोर एका प्रोफेशनल टीमची पाच-सहा माणसं. घरच्यांबद्दल विचारून झालं, दुखापतींबद्दल झालं, अभ्यासाबद्दलही झालं. मग कुणीतरी अगदी सहज विचारल्यासारखं विचारतं, ‘गेम्स खेळतोस का? रात्री किती वाजेपर्यंत?’

काय सांगाल? खरं ते, की त्यांना ऐकायला आवडेल ते?

अमेरिका आणि कॅनडात बर्फावरच्या हॉकीत पुढे येऊ पाहणाऱ्या मुलांपुढे गेल्या काही वर्षांत हा प्रश्न येऊन उभा राहिला आहे. आपल्याकडे हॉकी म्हटलं की टर्फवरची हॉकी डोळ्यांसमोर येते. ही वेगळी. पायात स्केट्स, चेंडूऐवजी रबराची चकती आणि प्रचंड वेग. या खेळातली सगळ्यात मोठी लीग म्हणजे नॅशनल हॉकी लीग, अर्थात एनएचएल. तिच्यात ३२ टीम्स आहेत. दरवर्षी ड्राफ्ट होतो आणि सात फेऱ्यांमध्ये टीम्स आपापल्या नंबरप्रमाणे नव्या मुलांची नावं घेतात. आयपीएलच्या लिलावासारखी इथे बोली लागत नाही, पण धाकधूक तेवढीच. त्याआधी बफेलो शहरात ‘कम्बाइन’ नावाचा मेळावा भरतो. तिथे निवडक मुलांच्या फिटनेस टेस्ट होतात आणि एकामागून एक टीम त्यांच्या मुलाखती घेते. मुलगा बर्फावर कसा खेळतो, हे स्काउट्सनी आधीच पाहिलेलं असतं. इथे बघायचं असतं ते, तो माणूस म्हणून कसा आहे.

फोर्टनाइटचं वर्ष

गेमिंगची चर्चा पेटली ती २०१८ मध्ये. आदल्या वर्षी आलेल्या ‘फोर्टनाइट’ने तेव्हा जगभरातल्या पोरांना झपाटलं होतं. त्या सप्टेंबरमध्ये व्हँकुव्हर कनक्स टीमचा तरुण खेळाडू बो होर्व्हाट याने रेडिओवर सांगून टाकलं की, बाहेरगावच्या मॅचेसना जाताना आता व्हिडीओ गेम्स न्यायचे नाहीत, फोर्टनाइट बंद. त्याच सुमारास कॅनडातल्या एका क्रीडा पत्रकाराने पॉडकास्टवर एक किस्सा सांगितला. पहिल्या फेरीत निवडला गेलेला एक मुलगा गेमिंगच्या आहारी गेला आहे आणि त्याचं करिअर बहुधा संपल्यात जमा आहे, असा तो किस्सा. मुलाचं नाव त्याने घेतलं नाही. पण नाव नसल्यामुळेच की काय, तो किस्सा प्रत्येक मुलाला चिकटला. ‘हा तर तसला नाही ना?’

टीम्सची काळजी उगाच आहे का? तसं म्हणता येणार नाही. पहिल्या फेरीतली निवड ही टीमसाठी मोठी गुंतवणूक असते. एनएचएलच्या सीझनमध्ये ८० च्या वर मॅचेस, त्यातल्या निम्म्या बाहेरगावी. झोप नीट झाली नाही तर शरीर सावरत नाही. आणि पहाटे तीनपर्यंत स्क्रीनसमोर बसलेल्या माणसाचं सकाळी दहाच्या प्रॅक्टिसला काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. सकाळच्या लेक्चरला आपलं जे होतं, तेच!

पण ही मुलं राहतात कशी, तेही बघा. कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये खेळणारी बरीच मुलं सोळाव्या वर्षी घर सोडतात. दुसऱ्या गावात एखाद्या अनोळखी कुटुंबाकडे राहतात. ऑन्टारियोच्या ज्युनियर लीगमध्ये एका सीझनला ६८ मॅचेस असतात. बसचे लांबलचक प्रवास, शाळा, प्रॅक्टिस आणि मग बाहेर बर्फ पडत असताना परक्या घरातली रिकामी संध्याकाळ. अशा वेळी हेडफोन लावून गावाकडच्या मित्रांबरोबर दोन गेम खेळणं म्हणजे त्या मुलासाठी कट्ट्यावर जाऊन बसणं असतं. पुण्या-मुंबईत होस्टेलवर किंवा पीजीमध्ये पहिलं वर्ष काढलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

तासांचा हिशेब चुकतो कुठे?

म्हणजे एकच सवय. एखाद्याला ती सावरते, एखाद्याला बुडवते. मग ओळखायचं कसं? जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश केला आणि ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यातली व्याख्या नीट वाचलीत तर एक गोष्ट लक्षात येईल. तिच्यात तासांचा आकडाच नाही. तीन गोष्टी आहेत. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा गेम महत्त्वाचा वाटू लागणं आणि नुकसान दिसत असूनही न थांबणं. शिवाय या सगळ्यामुळे रोजच्या आयुष्याची घडी चांगलीच विस्कटलेली असायला हवी आणि साधारणपणे हे वर्षभर चाललेलं असायला हवं.

आता सांगा, अर्ध्या तासाच्या मुलाखतीत हे कळेल? ‘किती वाजेपर्यंत?’ या प्रश्नाचं उत्तर मिळतं ते एक आकडा. तो बरोबर असेलच असंही नाही, आणि असला तरी त्यावरून ताबा सुटलाय की नाही, ते समजत नाही.

एखादी सोपी खूण पकडून माणूस जोखायला गेलं की काय होतं, याचं उदाहरण याच कम्बाइनमध्ये आहे. २०१४ साली सॅम बेनेट नावाच्या मुलाला तिथे एकही पुल-अप मारता आला नव्हता. त्याची भरपूर थट्टा झाली. तरी कॅलगरी फ्लेम्सने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं. पुढे तो फ्लोरिडा पँथर्सकडे गेला, २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं स्टॅनली कप जिंकणाऱ्या टीममध्ये होता आणि २०२५ च्या प्लेऑफ्समधला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. पुल-अप्स निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नाही. जी गोष्ट मोजायला सोपी, तीच महत्त्वाची वाटायला लागते, एवढाच त्याचा धडा.

गंमत म्हणजे एनएचएलला गेमिंगचं वावडं मुळीच नाही. २०१८ मध्येच लीगने स्वतःची व्हिडीओ गेमची जागतिक स्पर्धा सुरू केली. २०२० मध्ये कोरोनामुळे मॅचेस थांबल्या, तेव्हा खेळाडूंनाच कन्सोलसमोर बसवून त्यांच्या गेमिंगच्या लढती दाखवल्या. म्हणजे प्रेक्षकांनी खेळलं तर तो धंदा, खेळाडूने दाखवायला खेळलं तर ती जाहिरात आणि १८ वर्षांच्या मुलाने स्वतःच्या खोलीत खेळलं तर शंका.

खरं बोलायची किंमत

मला यातला खरा धोका वेगळाच वाटतो. प्रश्न विचारणारा जर निकाल देणारा असेल, तर उत्तर खरं येत नाही. ज्याची सवय साधी आहे, तो बिनधास्त सांगेल, ‘हो, मित्रांबरोबर थोडा वेळ खेळतो.’ पण ज्याला रात्री थांबताच येत नाही, त्याच्यासाठी खरं बोलणं म्हणजे ड्राफ्टमध्ये खाली घसरणं. तो खोटं बोलेल आणि छान बोलेल, कारण तसं बोलायची त्याची तयारी करून घेतलेली असेल. ज्याला मदत हवी तोच लपणार, अशी ही पद्धत आहे. एनएचएलच्या खेळाडूंसाठी लीग आणि खेळाडूंची संघटना मिळून १९९६ पासून मदतीचा कार्यक्रम चालवतात. व्यसन असो वा मानसिक त्रास, तिथे गुपचूप जाता येतं. पण ड्राफ्टच्या खुर्चीत बसलेला मुलगा अजून त्या दारापर्यंत पोचलेलाच नसतो.

अविश्वास कागदावर उतरला की काय होतं, तेही अमेरिकेने पाहिलंय. खेळ वेगळा, अमेरिकन फुटबॉल. जुलै २०२२ मध्ये अॅरिझोना कार्डिनल्सने कायलर मरे याच्याशी २३ कोटी डॉलर्सहून मोठा करार केला. त्यात एक कलम होतं, आठवड्याला चार तास स्वतंत्र अभ्यास करायचा आणि त्या वेळात टीव्ही पाहिला किंवा व्हिडीओ गेम्स खेळला तर तो वेळ धरला जाणार नाही. हे बाहेर आल्यावर इतका गदारोळ झाला की टीमने काही दिवसांतच कलम मागे घेतलं. कोट्यवधी द्यायचे आणि शाळेतल्या पोरासारखा होमवर्क तपासायचा, हे कुणालाच पटलं नाही.

याउलट होर्व्हाटचं म्हणणं पुन्हा एकदा ऐका. गेमिंग हा आजार आहे, असं तो म्हणाला नव्हता. नव्या शहरात जाऊन रात्रभर खोलीत कोंडून घेण्यापेक्षा सगळ्यांनी एकत्र जेवावं, सिनेमाला जावं, हा त्याचा मुद्दा होता. कनक्स त्या सीझनला प्लेऑफ्समध्ये पोचले नाहीत, म्हणजे फोर्टनाइट बंद केल्याने कप मिळतो असंही नाही. पण ‘तू दोषी आहेस’ आणि ‘चल, जेवायला येतोस?’ या दोन वाक्यांत फरक आहे. पहिल्या वाक्याने दार बंद होतं, दुसऱ्याने माणूस खोलीबाहेर येतो.

हा फरक आपल्याही कामाचा आहे. उद्या प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूत कुणी छंद विचारेल, तेव्हा ‘गेमिंग’ म्हणायला तुम्ही कचराल. घरी तर ‘सारखा मोबाइल’ हे पालुपद आहेच. त्यांना काय उत्तर द्यायचं ते तुम्ही ठरवा. पण एका माणसाशी खोटं बोलू नका, स्वतःशी. थांबायचं ठरवल्यावर थांबता येतं का? गेमपायी झोप, परीक्षा, मित्र यातलं काही सुटत चाललंय का? आणि ते दिसत असूनही हात पुन्हा तिकडेच जातो का? उत्तरं ‘हो’कडे झुकत असतील तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे, मराठीतही बोलता येतं. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी खास क्लिनिकच आहे.

आणि तुमचा रूममेट पहाटे तीनला जागा दिसला, तर त्याला ‘किती वाजेपर्यंत खेळतोस?’ असं विचारू नका. सकाळी नाश्त्याला सोबत घेऊन जा. बोलायचं असेल ते तो चहा पिता पिता बोलेल.