पाठ टेकायला जागा

8 मे 2020च्या पहाटे करमाडजवळ रेल्वेरुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांच्या अंगावरून मालगाडी गेली. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारी ही मध्य प्रदेशातली माणसे टाळेबंदीत काम थांबल्यावर रुळांच्या वाटेने निघाली होती. गाड्या बंद आहेत या समजुतीने ती तिथेच आडवी झाली. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकरी अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत. पुढे 31 डिसेंबर 2023च्या पहाटे वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली आणि सहा कामगार गेले. तेही आत झोपलेले होते. करमाडच्या मजुरांचे काम सुटले होते, वाळूजच्या कामगारांच्या हाताला काम होते. पण जिथे पोट भरायचे तिथे हक्काने पाठ टेकायची जागा दोघांकडेही नव्हती.

छत्रपती संभाजीनगर शहरातल्या बेघरांचा विषय निघाला की बोलणे भिकारी आणि व्यसनी यांच्यापाशी येऊन थांबते. तशी माणसे आहेतच. पण मध्यवर्ती बसस्थानकात, रेल्वे स्टेशनबाहेर, घाटी रुग्णालयाच्या आवारात रात्री अंग टाकणाऱ्यांत कष्टकरीही असतात. एखादा बांधकामावरचा बिगारी, एखादा हमाल, कुणी लग्नसराईत वाढप्याचे काम करणारा. दुष्काळाने शेतमजुरी गेली म्हणून मराठवाड्यातला माणूस या शहरात येतो. सकाळी शहागंज किंवा मुकुंदवाडीच्या नाक्यावर उभा राहतो. आठवड्यातले दोन-तीन दिवस रिकामे गेले की खोलीचे भाडे थकते, आणि अनामत रकमेशिवाय दुसरी खोली मिळत नाही. उघड्यावर पहिली रात्र काढावी लागते ती अशी. डास, थंडी आणि हुसकावणारी काठी यांत डोळ्याला डोळा लागत नाही. तारवटलेल्या डोळ्यांचा माणूस दुसऱ्या दिवशी मुकादम घेत नाही. बेकारीने छप्पर जाते आणि छप्पर गेल्यामुळे बेकारी पक्की होते.

कायद्यांनी या माणसाला पाहिलेले नाही असे नाही. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज नवा मालक असलेल्या नाक्यावरच्या मजुराने तो कुणाकडे मागायचा? परप्रांतीय मजुरांना राहायला जागा देण्याची जबाबदारी 1979च्या कायद्याने ठेकेदारावर टाकली होती. करमाड आणि वाळूज या दोन्ही वेळी तो कायदा अस्तित्वात होता. रोजगार हमी तर 1972च्या दुष्काळात महाराष्ट्रानेच देशाला दाखवलेली वाट. पण ती हमी गावापुरती राहिली. त्याच दुष्काळी गावातला माणूस शहराची वेस ओलांडतो, तेव्हा कामाचा हक्क वेशीबाहेर ठेवून येतो. नागरी रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने करायलाच हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उघड्यावर, फुटपाथवर, पुलाखाली, फलाटावर राहणाऱ्यांना जनगणना बेघर मानते. 2011 साली महाराष्ट्रात असे दोन लाख दहा हजारांहून अधिक लोक मोजले गेले. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा दंडक एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांच्या निवाऱ्याचा होता. या शहराच्या त्या वेळच्या पावणेबारा लाख लोकसंख्येला त्या हिशेबाने अकरा निवारे लागतात. आज किती आहेत, किती खाटा भरतात, किती रिकाम्या राहतात आणि का, हे महापालिकेने जाहीर करावे. रिकामी खाट दाखवून ‘गरजच नाही’ म्हणणे सोपे असते. नाक्यापासून लांब असलेल्या निवाऱ्यात मजूर जात नाही, कारण तिथे झोपले तर सकाळचे काम हुकते. मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने हेच ओळखले होते: माणूस राहतो तिथे, जिथून काम गाठता येते.

हक्काच्या घरांची कथाही दुःखाचीच आहे. या शहरासाठी आखलेल्या पंतप्रधान आवास योजनेची निविदा वादात सापडली आणि मार्च 2023मध्ये ईडीचे छापे पडले. अर्ज भरून वाट पाहणारी कुटुंबे भाड्याच्या खोल्यांतच राहिली. 2025च्या जून-जुलैत रस्ता रुंदीकरणासाठी बांधकामांवर बुलडोझर चालला. रस्ते रुंद व्हायलाच हवेत, पण दुकानाबरोबर तिथल्या कामगाराची रात्रीची जागाही जाते, याचा विचार पाडापाडीआधी व्हायला हवा होता.

याच शहरात पाणचक्कीच्या जात्यावर फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ दळले जात होते. परक्याची सोय पाहण्याची ती रीत आता कामगारांसाठी पाळायला हवी. बिडकीन-शेंद्र्यात नवे कारखाने येत आहेत. भूखंड देतानाच कामगार वसतिगृहाची जागा राखून ठेवावी. आणि महापालिकेने हिवाळ्यापूर्वी शहागंज, मुकुंदवाडी आणि स्टेशन या तीन ठिकाणी तरी निवारे सुरू करावेत. ते दिवसाही उघडे असावेत, आणि प्रत्येकाला कुलपाची एक पेटी मिळावी. कामावर जाताना वळकटी ठेवायची कुठे, ती परत मिळेल ना, ही चिंता नाक्यावरच्या माणसाला रोज सकाळी असते.