मांजरसुंब्याच्या फाट्यावरची दोन लग्नं

मांजरसुंब्याहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. थोरली लेक बारावीला, वसतिगृहातून दिवाळीच्या सुट्टीला घरी आलेली. फराळाच्या डब्याशी बसून दुपारभर ऐतिहासिक कादंबऱ्या वाचते. अशातच नात्यातून स्थळ सांगून आलं. मुलगा नोकरीत आहे, घर पाहण्यातलं. ‘सुट्टी आहे तोवरच उरकून घेऊ,’ असा सासूबाईंचा धोशा. बाई लिहितात, ‘मुलीला अठरावं लागलंय. पुस्तकातली जमवलेली लग्नं किती गोड असतात! अहिल्याबाईंचं तर आठव्या वर्षी झालं. मग आमचंच काय अडतंय?’

आधी हिशेब करू या. अठरावं लागणं म्हणजे सतरा पुरी होणं. कायद्याला अठरा पुरी लागतात. २००६ च्या कायद्याप्रमाणे असं लग्न लावणारे, लावून देणारे आईबाप, सगळेच गुन्हेगार ठरतात. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ‘घरच्या घरी केलं तर कुणाला कळतंय’ म्हणणारे पुढे कोर्टात उभे राहायला येत नसतात, बरं का!

आता कादंबरीकडे वळू. बाई, तुम्ही राहता तिथून जामखेडची वाट धरली की पाटोद्यावरून पुढे चौंडी. हल्लीच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे गाव. १७२५ साली तिथल्या माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी अहिल्या जन्मली. मल्हारराव होळकरांचा मुक्काम गावी पडला आणि देवळात ही चुणचुणीत पोर त्यांच्या नजरेत भरली, अशी कथा सांगतात. १७३३ च्या सुमारास खंडेरावांशी लग्न झालं. कादंबरीवाले इथेच चांदणं पाडतात आणि झुले बांधतात. पण पुढची पानंही वाचायला हवीत. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्याबाई तेव्हा अवघ्या २८ वर्षांच्या होत्या. सती जायला निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी विनवून मागे फिरवलं आणि पुढे तिला कारभारात घातलं. १७६५ सालची त्यांची पत्रं पाहा. तोफा घेऊन ग्वाल्हेरला जा, दारूगोळ्याची तजवीज कर, अशी कामं सासरा सुनेला लिहून कळवतो आहे! मला विचाराल तर या लग्नातली सगळ्यात सुंदर गोष्ट नवरा-बायकोची नाहीच, सासऱ्या-सुनेची आहे. १७६६ त मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला, आणि त्यानंतर १७९५ पर्यंत महेश्वरी बसून या बाईंनी राज्य सांभाळलं. मुलगी मुक्ताबाई मात्र १७९१ त नवऱ्यामागे सती गेली. आईला तिला थांबवता आलं नाही. हे पान तुमच्या लेकीच्या पुस्तकात आहे का, जरा बघा.

म्हणजे अहिल्याबाई मोठ्या झाल्या त्या आठव्या वर्षी लग्न झालं म्हणून नव्हे. सासरी कुणीतरी त्यांच्या अंगचं पाणी ओळखलं म्हणून. तसा सासरा पत्रिका बघून मिळत नाही.

फाट्यावरून दुसऱ्या अंगाला वळलात की केजवरून अंबाजोगाई. तिथली कथा तुमच्या सासूबाईंना पाठ असेल. कोकणची जोगाई नवरी, परळीचा वैजनाथ नवरा. वऱ्हाड वाटेत रेंगाळलं, मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले. हत्तीखान्याच्या लेण्यातले दगडी हत्ती दाखवून लोक अजून ही गोष्ट सांगतात. देवी कुमारिकाच राहिली. पण म्हणून तिचं काही उणं झालं का? कोकणस्थांची कितीतरी घरं तिला कुळस्वामिनी मानून एवढ्या लांब येतात. मार्गशीर्ष पौर्णिमेला यात्रा भरते. मुहूर्त चुकलेल्या नवरीपुढे सवाष्णी ओट्या भरतात, याचं मला फार नवल वाटतं आणि बरंही वाटतं.

तुमच्या जिल्ह्याची आणखी एक गोष्ट इथे लिहायलाच हवी. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमध्ये २० ते २४ वयाच्या दर शंभर बायकांत चाळिसांहून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. ऊसतोडीला नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ धरतात. दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या की वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीनं ती माणसं घाई करतात. त्यांची अडचण निदान समजते. तुमच्या घरी तर तीही नाही. पोर शिकते आहे, तिला वसतिगृह आहे.

तेव्हा मुलाकडच्यांना एवढाच निरोप द्या: ‘बारावीचा निकाल लागू दे, मुलीला अठरा पुरी होऊ देत, मग दोघांना समोरासमोर बोलायला बसवू. तिला पसंत पडलं तर पुढचं बघू.’ आणि हा निरोप यजमानांनी त्यांच्या तोंडून द्यावा. तुम्ही दिलात तर सासूबाईंच्या लेखी नाट लावणाऱ्या तुम्ही ठराल, आणि पाडव्यापासून भाऊबीजेपर्यंत घरात कुणी धड बोलणार नाही.