धुरी, सोवळे आणि हॉप्स

गेल्या उन्हाळ्यात भवानी पेठेतल्या घरी लोणच्याच्या बरण्या भरायच्या होत्या. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. आमच्यापैकी एकीचे हे माहेर. त्याच दिवशी अमेरिकेत स्थायिक झालेला आमचा एक माजी विद्यार्थी भेटायला आला. वहिनींनी वाटीतल्या निखाऱ्यावर हिंगाचा खडा टाकला आणि त्यावर बरणी पालथी धरली. हे पाहून तो एकदम म्हणाला, "मॅडम, बियर करताना मीही हेच करतो!" घरात क्षणभर शांतता पसरली. मग वहिनींनीच विचारले, "हिंग घालतोस?"

तो हिंग घालत नाही, हॉप्स घालतो. घरगुती वापरापुरती बियर करायला अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्याने वाट मोकळी केली. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय तसे करणे हा गुन्हा आहे. तेव्हा वाचकांनी पुढचा मजकूर पाककृती म्हणून वाचू नये. आम्हांला त्यात रस वाटला तो वेगळ्याच कारणाने.

हॉप्स म्हणजे एका वेलीची शंकूसारखी हिरवी फुले. आपल्या देशात ती हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात पिकतात. मोड आणून वाळवलेल्या जवाच्या काढ्यात ती उकळली की कडवटपणा येतो, आणि त्या कडू द्रव्यांमुळे दूध आंबवणाऱ्या जिवाणूंच्या जातकुळीतले पुष्कळसे जिवाणू दबून राहतात. पण उकळीत सुगंध उडून जातो. म्हणून जाणकार मंडळी आणखी थोडी फुले शेवटी, बियर आंबून झाल्यावर, न उकळता थंडच घालतात. शंका उभी राहते ती इथे. इतका वेळ झाकून, जपून ठेवलेल्या पेयात शेतातून आलेली, न धुतलेली, न उकळलेली वनस्पती टाकायची, मग ते नासणार नाही का?

त्याचे उत्तर असे. सहसा नासत नाही, कारण तोवर बियर स्वतःला सांभाळण्याइतकी मोठी झालेली असते. तिच्यात मद्यार्क तयार झालेला असतो, आंबटपणा आलेला असतो, आणि साखरेतला बराचसा भाग यीस्टने आधीच फस्त केलेला असतो. वाळवलेल्या फुलांवर थोडेफार जंतू असतातच, पण त्यांना तिथे संसार थाटता येत नाही. फुले उकळत्या पाण्यातून काढली तर ज्या सुगंधासाठी हा खटाटोप, तोच जातो. म्हणून फुलांना हात लावायचा नाही. जपायचे ते बाकी सगळ्याला: फुले ज्या मलमलीच्या पिशवीत बांधायची ती पिशवी, ती बुडावी म्हणून आत ठेवायचे वजन, पाकीट कापायची कात्री, झाकण, नळी, चमचा. पिशवी आणि वजन उकळून घ्यायचे. उरलेल्या वस्तू आधी घासूनपुसून स्वच्छ करायच्या आणि मगच निर्जंतुक द्रावणात बुडवायच्या. क्रम उलटा चालत नाही. मळाच्या थराखाली जंतू सुखरूप राहतात, त्यामुळे मळकट भांड्यावर औषध ओतणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. प्लॅस्टिकच्या पिंपाला आतून ओरखडे पडले असतील तर तो ते सरळ टाकून देतो. आणि झाकण उघडे ठेवायचे ते कमीत कमी वेळ, कारण हवा शिरली की सुगंध मरतो, शिवाय व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंचे फावते.

हे ऐकताना आमच्यातल्या एकीला याच घरातली जुनी गोष्ट आठवली. वहिनी लग्न होऊन आल्या त्या वर्षी लोणच्याची मोठी बरणी विटली. वर पांढरी बुरशी. घरात पहिला प्रश्न विचारला गेला तो "कोणाचा हात लागला?" हा. सोळा माणसांच्या त्या घरात उत्तर आधीच ठरलेले होते. नव्या सुनेने 'त्या' चार दिवसांत बरणीला शिवले असणार. वहिनींनी नाही म्हणून सांगितले, तरी पुढची काही वर्षे त्यांना लोणच्याच्या फडताळापाशी फिरकू दिले नाही. खरे कारण त्यांना स्वतःला तेव्हाच ठाऊक होते, विचारले मात्र कोणीच नाही. सोलापुरात नळाला वर्षानुवर्षे दिवसाआड नव्हे, चार-चार दिवसांआड पाणी आलेले आहे. त्या वेळी पाणी आले संध्याकाळी, बरण्या धुतल्या दिवेलागणीला आणि भरल्या दुसऱ्या दिवशी उजाडताच. उन्हाचे तोंड न पाहिलेल्या बरणीच्या बुडाशी ओल राहिली होती.

'विटणे' आणि 'विटाळ' हे शब्द कानाला शेजारी वाटतात. स्वयंपाकघरात तर ते शेजारी राहिलेच.

हे लिहिण्याचे निमित्त एवढेच की २०२० साली करोनाच्या दिवसांत आमच्या स्वतःच्या वर्गातली, म्हणजे शिकलेली, पुस्तके वाचणारी माणसे एकमेकांना मोठ्या अभिमानाने निरोप पाठवत होती: पाहा, आपल्या पूर्वजांना जंतुशास्त्र माहीत होते, सोवळे म्हणजे दुसरे काय! तो युक्तिवाद आजही लग्नाच्या पंगतीत ऐकू येतो. आम्हांला तो नुसता चुकीचा वाटत नाही, लबाड वाटतो. जंतूला जात कळत नाही आणि महिन्याचे दिवसही कळत नाहीत. एमिल ख्रिश्चन हान्सन या संशोधकाने १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत बियर का बिघडते याचा शोध घेतला, तेव्हा मूळ यीस्टमध्ये रानटी यीस्ट मिसळल्याचे त्याला आढळले. कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे होते. त्यासाठी कोणत्या कामगाराला गोदामाबाहेर उभे करावे लागले नाही. त्याआधी १८७६ मध्ये लुई पाश्चरने बियरवर आख्खा ग्रंथ लिहिला, त्यातही आरोपी जंतूच आहेत. सोवळ्याचा सगळा रोख माणसावर. ओलेत्याने स्वयंपाक करणारा पवित्र, आणि कोरड्या, स्वच्छ हातांनी भांडी घासणारी बाई मात्र उंबऱ्याबाहेर. तिने घासलेल्या भांड्यांवर पुन्हा पाणी ओतून ती 'शुद्ध' करून घेणारी घरे आम्ही पाहिली आहेत. ज्या पाण्याने शुद्धी करायची ते पिंपात चार दिवस साठलेले आहे, याची चिंता त्या घरांत कोणी केली नाही.

अर्थात आमच्यासारख्यांचाही एक अपराध आहे. तरुणपणी सुधारकी उत्साहात आम्ही सोवळ्याबरोबर धुरीलाही अंधश्रद्धेच्या खात्यात टाकले होते. ते चूक होते. बरणी तापते, कोरडी होते. हिंगातल्या गंधकयुक्त द्रव्यांचा जंतूंवर परिणाम होतो हे प्रयोगशाळांत दिसले आहे. वर मिठाचा मारा, तेलाचा थर, कोरडा चमचा. या साऱ्या रीती वस्तूकडे पाहतात. बरणी कोण धरते आहे याच्याशी धुरीला काही देणेघेणे नाही, म्हणूनच ती त्या विद्यार्थ्याला परदेशातल्या आपल्या गॅरेजमध्येही ओळखीची वाटली. हे ज्ञान बायकांनी राखले, आणि त्यांचीच सोवळ्याने उलटतपासणी घेतली. मराठीत 'स्वच्छ', 'शुद्ध', 'पवित्र' हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. आम्ही वर्गात शब्दांच्या छटा शिकवतो, पण या तीन शब्दांमधले अंतर आमच्या विद्यार्थ्यांच्या कधी मनावर बिंबवले नाही, हे कबूल करायला हवे. 'निर्जंतुक' हा त्यामानाने अलीकडचा, रुक्ष, दवाखान्याच्या वासाचा शब्द. पण त्याने अजून कोणाचा अपमान केलेला नाही.

आता त्या घरात लोणचे वहिनीच घालतात. सासूबाई गेल्यावर फडताळाची किल्ली आपोआप त्यांच्याकडे आली. झाल्या गोष्टीबद्दल कोणी काही बोलले नाही. विद्यार्थी निघताना चिकाटीने विचारत होता, बरणी पुरती वाळली हे ओळखायचे कसे, किती तास धरायचे? वहिनी म्हणाल्या, "तास कशाला मोजायचे? आत हात घालायचा नाही. पेपरवर पालथी घालून ठेवायची. कागद ओला झाला, तर परत उन्हात."